स्वतंत्र घराची आजची किंमत जुन्या विक्रींवरून कशी काढायची? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

फ्लॅटचं सोपं असतं. त्याच इमारतीतला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट गेल्या वर्षी कितीला गेला हे कळलं की अर्धं काम झालं. बंगल्याला किंवा बैठ्या घराला अशी जोडी मिळत नाही. शेजारच्याचा प्लॉट मोठा, बांधकाम जुनं, वर एक खोली चढवलेली, बोअर कोरडी. तरीही जुन्या विक्रींवरून बऱ्यापैकी नेमका आकडा काढता येतो. खालच्या उदाहरणांतले भाव हिशेब समजावण्यापुरते आहेत, ते आपल्या गल्लीचे समजू नयेत.

आम्ही २०११ साली साडेअठरा लाखांना घर घेतलं. दर वर्षी दहा टक्के वाढ धरली तर आजची किंमत निघेल ना?

आकडा निघेल, किंमत निघणार नाही. दहा टक्क्यांनी चौदा वर्षांत, म्हणजे २०२५ पर्यंत, साडेअठराचे सत्तर लाख होतात. तेच सहा टक्के धरले तर बेचाळीसच्या आत राहतात. टक्का तुम्हीच ठरवणार असाल तर किंमतही तुम्हीच ठरवलीत, मग जुन्या खरेदीखताचा उपयोग काय?

मुख्य अडचण वेगळीच आहे. स्वतंत्र घर म्हणजे दोन वस्तू एका कागदावर: जागा आणि बांधकाम. जागेचा भाव वर जातो, बांधकामाचा वर्षागणिक थोडा खाली येतो. दोन्हींना एकच टक्का लावला की घर जितकं जुनं तितका हिशेब फसतो. म्हणून या पानावर जवळपास प्रत्येक उत्तर एकाच ठिकाणी येतं: प्रत्येक विक्रीतून आधी जागेचा भाव सुटा करा.

आयकराचा महागाई निर्देशांक आहे की. त्यानं गुणलं तर?

तो निर्देशांक भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी आहे आणि सबंध देशाला एकच आहे. २०११-१२ ला तो १८४ होता, २०२५-२६ ला ३७६. वरच्या साडेअठरा लाखांना लावला तर पावणेअडतीस लाखांच्या आसपास येतं. मध्यवस्तीत सात रस्त्याजवळचं घर असो की शहराच्या कडेच्या बाळ्यातलं, उत्तर तेच. यावरूनच काय ते समजा. रिझर्व्ह बँक घरांच्या किमतींचा निर्देशांक काढते, पण तो मोजक्या मोठ्या शहरांचा, त्यात सोलापूर नाही. त्यामुळे आपल्याला आपल्या भागापुरता छोटा निर्देशांक हातानंच बनवावा लागतो. कसा, ते पुढे येईलच.

आजूबाजूची घरं कितीला विकली गेली हे अधिकृतपणे कुठं बघायला मिळतं?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथं वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकला की त्या नंबरावर नोंदलेल्या दस्तांची यादी येते. त्यातून इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन, उघडायची. दस्ताचा प्रकार, मोबदला (म्हणजे लिहिलेली विक्रीची किंमत), बाजारभाव (म्हणजे सरकारी दरानं काढलेलं मूल्य), मिळकतीचं वर्णन, क्षेत्रफळ, दस्त केल्याची तारीख, नोंदणीची तारीख, भरलेलं मुद्रांक शुल्क, सगळं त्या एका पानावर असतं.

सोलापूरकरांची गाडी अडते ती गावाच्या नावापाशी. आपण पत्ता सांगतो "जुळे सोलापूर" किंवा "विजापूर रोड", पण दस्तात मूळ गाव असतं. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव, शेळगी, बाळे अशी नावं टाकून बघावी लागतात. पेठांमध्ये सिटी सर्व्हे नंबर चालतो, बाहेर सर्व्हे किंवा गट नंबर आणि त्याखाली प्लॉट नंबर. महापालिकेच्या कराच्या पावतीवरचा मिळकत नंबर आणखी तिसरा. एकाच घराला तीन नंबर असतात, म्हणून एकानं काही सापडलं नाही तर "विक्रीच झाली नाही" असा निष्कर्ष काढू नका. आपल्या स्वतःच्या खरेदीखताच्या मिळकतीच्या वर्णनात जो सर्व्हे नंबर आहे तो टाकणं ही सगळ्यात सोपी सुरुवात. त्याच सर्व्हे नंबरातले सगळे प्लॉट एका यादीत येतात, आणि ते तुमचे खरे शेजारी.

क्षेत्रफळ वाचताना सावध राहा. दस्त चौरस मीटरमध्ये, बोलणी चौरस फुटात, जुनी माणसं गुंठ्यात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शंभर चौरस मीटरचा एक आर होतो. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे, पण अगदी तेच नाहीत.

इंडेक्स टू वरचा मोबदला खरा असतो का? सगळेच जण कमी लिहितात म्हणे.

सगळे नाही, पण पुष्कळ. विशेषतः जुन्या दस्तांत. मुद्रांक शुल्क मोबदला आणि सरकारी बाजारभाव यांपैकी जो आकडा जास्त त्यावर लागतं. म्हणून लिहिलेला मोबदला सरकारी आकड्याला चिकटून बसवायची जुनी खोड आहे. एखाद्या इंडेक्समध्ये बाजारभाव ३१,८६,५०० आणि मोबदला बरोबर ३१,९०,००० दिसला, तर तो आकडा भाव म्हणून वापरू नये. वकिलानं बसवलेला आहे हे उघड आहे. याउलट बाजारभाव बत्तीस लाख आणि मोबदला सत्तेचाळीस असेल, तर तो आकडा बहुधा खऱ्याच्या जवळचा. बँकेचं कर्ज काढून घेतलेली घरं यासाठी सर्वांत चांगली. कर्ज जास्त हवं तर कागदावर किंमतही पूर्ण दाखवावी लागते. त्याच नंबरावर त्याच सुमारास गहाणखत किंवा गहाणाची सूचना नोंदलेली दिसली की तो व्यवहार वहीत वरच्या ओळीत लिहा.

आणि हो, आपला व्यवहार करताना हीच खोड पुढे चालवू नका. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेइतका दंड बसू शकतो. शिवाय आज कमी लिहून घेणाऱ्याला उद्या विकताना तोच नफा जास्त दिसतो आणि कर भरावा लागतो.

कोणत्या विक्री यादीतून काढून टाकाव्यात?

बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र तर काढाच, पण भावाभावांतलं किंवा सासरे-जावयांतलं खरेदीखतही काढा. आडनावं बघितली की अंदाज येतो. बँकेच्या लिलावातलं घर बाजूला ठेवा, त्याचा भाव बहुतेक वेळा पडेल असतो. अविभक्त हिस्सा विकलेला असेल तर तो पूर्ण घराच्या प्रमाणात वाढवून बघायचा मोह टाळा. अर्ध्या हिश्श्याला अर्धी किंमत कोणी देत नाही.

तारखांचंही बघा. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, आधी झालं असेल तर भाव साठेखताच्या दिवशी ठरलेला असतो, खरेदीखत दीड वर्षानं झालं तरी. दस्त केल्यापासून नोंदणीला चार महिन्यांची मुदत असते, त्यामुळे नोंदणीची तारीख हीच सौद्याची तारीख धरू नये. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट दिली होती आणि पुढच्या मार्चपर्यंत दोन टक्के. त्या काळात दस्तांची झुंबड उडाली. त्यातले बरेच सौदे आधीच ठरलेले होते, कागद तेव्हा झाला इतकंच.

बरं, पाच-सहा विक्री हाताला लागल्या. आता प्रत्यक्ष हिशेब कसा करायचा?

समजा तुमचा प्लॉट १,५०० चौरस फूट, त्यावर १,००० चौरस फुटांचं आरसीसी घर, पंधरा वर्षं जुनं. त्याच कॉलनीतल्या तीन विक्री सापडल्या.

पहिली दोन वर्षांपूर्वीची. प्लॉट १,८०० फूट, बांधकाम १,२०० फूट, विकलं तेव्हा वीस वर्षं जुनं, किंमत ७२ लाख. तेव्हा तसंच घर नव्यानं बांधायला फुटाला १,८०० रुपये लागले असते असं धरू, म्हणजे २१ लाख ६० हजार. मूल्यांकन करणारे आरसीसी घराचं आयुष्य साधारण साठ वर्षं धरतात आणि शेवटी दहा टक्के भंगारमूल्य ठेवतात, म्हणजे घसारा (जुनं होत जाण्यानं घटणारी किंमत) वर्षाला दीड टक्का. वीस वर्षांचा तीस टक्के. उरले १५ लाख १२ हजार. ते ७२ मधून वजा केले की जागेचे राहतात ५६ लाख ८८ हजार, म्हणजे फुटाला ३,१६०.

दुसरी एक वर्षापूर्वीची. प्लॉट १,२००, बांधकाम ९०० फूट, पाच वर्षांचं, ५४ लाख. बांधकाम १,९०० च्या दरानं १७ लाख १० हजार, साडेसात टक्के वजा जाऊन १५ लाख ८२ हजार. जागेचा भाव फुटाला सुमारे ३,१८०.

तिसरी याच वर्षीची. १,५०० फुटांचा कोपऱ्याचा प्लॉट, वर पत्र्याच्या दोन खोल्या, घेणाऱ्यानं पाडूनच टाकल्या. ५७ लाख, म्हणजे फुटाला ३,८००. कोपऱ्याचे दहा टक्के काढले तर ३,४२०.

आता काळाचा फरक. त्या भागात जागा वर्षाला सहा टक्क्यांनी वाढतेय असं निघालं असेल, तर पहिल्या विक्रीचे ३,१६० आज ३,५५० होतात, दुसरीचे ३,३७० च्या आसपास. तिघं मिळून ३,३७० ते ३,५५० असा पट्टा सांगतात. तुमच्या जागेचे झाले साडेपन्नास ते सव्वात्रेपन्न लाख. घराचे, आजचा बांधकाम खर्च २,००० धरून, वीस लाखांतून साडेबावीस टक्के घसारा गेला की साडेपंधरा लाख. एकूण ६६ ते ६९ लाख.

गंमत बघा. पहिल्या घराला एकूण किमतीवरून भागलं असतं तर फुटाला ४,००० आले असते, दुसऱ्याला ४,५००, तिसऱ्याला ३,८००. तीन घरं, तीन भाव, आणि चहाच्या टपरीवर वाद. बांधकाम वेगळं काढलं तसे तिन्ही जवळ आले. ते तसे जवळ आले नाहीत, एखादा फार दूर राहिला, तर त्या दस्तात काहीतरी आहे असं समजायचं: रक्कम कमी लिहिलेली, घरातला व्यवहार, नाहीतर विकणाऱ्याची अडचण.

हे सहा टक्के आणले कुठून?

एकच मोकळा प्लॉट दोनदा विकला गेलेला शोधा. ई-सर्चवर त्याच नंबराची वेगवेगळी वर्षं टाकत गेलं की असे प्लॉट सापडतात. २०१६ ला फुटाला १,८०० नं गेलेला प्लॉट २०२३ ला २,७०० नं गेला असेल, तर सात वर्षांत दीडपट, म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास. सातानं भागून सरळ सात टक्के म्हणू नका. असे दोन-तीन प्लॉट मिळाले की तुमच्या भागाचा निर्देशांक तयार. मोकळा प्लॉटच हवा, कारण मधल्या काळात घर बांधलं किंवा मजला चढवला तर वाढ जागेची की सिमेंटची हे कळत नाही.

रेडी रेकनरचा दर हाच बाजारभाव नाही का?

नाही. रेडी रेकनर म्हणजे सरकारचं दरवर्षीचं दरपत्रक, मुद्रांक शुल्कासाठीचा किमान आधार. २०२५-२६ ला मुंबई वगळता राज्यभरात रेकनर सरासरी ४.३९ टक्क्यांनी वाढला आणि सोलापूर महापालिका क्षेत्रात १०.१७ टक्क्यांनी, राज्यात सर्वाधिक. लगेच कॉलन्यांत "सोलापूरचा भाव दहा टक्क्यांनी वाढला" सुरू झालं. त्याआधीची दोन वर्षं दर जैसे थे होते. त्या दोन वर्षांत बाजार काही झोपलेला नव्हता. सरकारी दर बाजाराच्या मागून, टप्प्याटप्प्यानं येतो.

पण रेकनरचा एक उपयोग जरूर करा. दोन भागांतलं प्रमाण त्यावरून ढोबळ कळतं. तुमच्या विभागाचा मोकळ्या जमिनीचा दर बघायचा, सदनिकेचा नाही, आणि तो चौरस मीटरचा असतो. विकताना आणखी एक बघायचं: सरकारी मूल्य सौद्याच्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक जास्त असेल तर आयकरवाले सरकारी आकडाच विक्रीची किंमत धरतात.

कोपरा, दिशा, रस्ता, पाणी यांचे किती धरायचे?

ठरलेलं कोष्टक नाही. जोड्या लावून बघायचं: एकाच कॉलनीतला कोपऱ्याचा आणि मधला प्लॉट, जवळच्या तारखांचे. पूर्वमुखी घराला गिऱ्हाईक लवकर मिळतं, दक्षिणमुखीला भाव थोडा सोडावा लागतो. वास्तुशास्त्रावर तुमचा विश्वास असो नसो, घेणाऱ्याचा असतो. गोमुखी (पुढे अरुंद, मागे रुंद) प्लॉटला कोणी नाक मुरडत नाही, व्याघ्रमुखीला (पुढे रुंद, मागे अरुंद) मुरडतात.

पाण्याचं मात्र सोलापुरात वेगळं वजन आहे. नळाला किती दिवसांआड पाणी येतं हा प्रश्न इथं "किती बेडरूम" याच्या आधी येतो. जमिनीखालची टाकी किती लिटरची, बोअरला एप्रिल-मेमध्ये पाणी टिकतं का, टँकर गल्लीत वळतो का. याच मुद्द्यांवर बैठकीत लाख-दोन लाख इकडचे तिकडे होतात, आणि इंडेक्स टू वर यातलं काहीच नसतं. म्हणून तुलनेला घेतलेल्या घरांपुढून एकदा चालत जाऊन या. विकास आराखड्यात समोरचा रस्ता रुंद होणार असेल तर तेही बघा, आपल्या प्लॉटचा किती भाग त्यात जातो यासकट.

पूर्व भागात आमचं घर आहे, खाली माग, वर राहणं. तुलना कुणाशी करायची?

तशाच घराशी. साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या बाजूला खाली यंत्रमाग आणि वर कुटुंब अशी घरं भरपूर, पण ती घेणारा दोन प्रकारचा असतो. माग चालवणारा शेडची उंची, वीजजोडणी, माल उतरवायला रस्ता बघतो. राहायला येणारा खालचा भाग पाडायचा खर्च मनात धरतो, आणि शेजारचे माग दिवसभर खटखटणार हेही. आज तिथं कोणता गिऱ्हाईक जास्त फिरतोय ते ओळखा आणि त्या प्रकारच्याच विक्री घ्या. होटगी रोडच्या बंगल्याचा भाव आणून इथं लावण्यात अर्थ नाही. मागांची किंमत घरात मिसळू नका, ती यंत्रसामग्री वेगळी.

घर गुंठेवारीतलं आहे. काही टक्के कमी करायचे का?

गुंठेवारी म्हणजे रीतसर मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेली जागा. टक्के कमी करण्यापेक्षा गुंठेवारीतल्याच विक्री घ्या. तिथं बँका कर्ज द्यायला कचरतात, म्हणून घेणारे कमी आणि भावही कमी. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची वाट मोकळी झाली आहे. नियमित झालेलं आणि न झालेलं, या दोन वेगळ्या याद्या करा. त्यांतला फरक हीच नियमितीकरणाची बाजारातली किंमत, आणि ती बहुधा भराव्या लागणाऱ्या शुल्कापेक्षा जास्त निघते.

विमानसेवा सुरू झाली. होटगी रोडचे भाव दुप्पट झाले असं एजंट सांगतात.

दस्त दाखवा म्हणावं. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, गोव्याचं विमान ९ जून २०२५ ला उडालं. या दोन्ही तारखांच्या आधीच्या आणि नंतरच्या विक्री काढा, जागेचा भाव सुटा करा, आणि तोच हिशेब विमानतळापासून लांबच्या, समजा शेळगीच्या बाजूच्या प्लॉटवर करा. दोन्हीकडे सारखीच वाढ दिसली तर ती विमानाची नव्हे. होटगी रोडला जास्त दिसली तर तेवढा फरक जरूर धरा. बातमीनंतर सांगायचे भाव लगेच उडतात, झालेले सौदे मागून येतात. विमानतळाजवळ बांधकामाच्या उंचीवर मर्यादा असते, हे एजंट सहसा सांगत नाहीत.

आमच्या गल्लीत तीन-चार वर्षांत एकही घर विकलं गेलं नाही.

मग शेजारची कॉलनी, तीही नसेल तर त्याच रस्त्यावरची त्याच रुंदीची गल्ली. जवळची पण वेगळ्या दर्जाची विक्री घेण्यापेक्षा थोडी लांबची पण सारखी बरी. पाच वर्षांपूर्वीची विक्री चालेल, पण तिच्यावर काळाचा फरक मोठा लागतो, म्हणून पट्टाही रुंद ठेवा.

ऑनलाइन जाहिरातींतले भाव?

ते मागायचे भाव. वरची मर्यादा कळते एवढंच. एकच बंगला सहा महिने त्याच किमतीला दिसत असेल तर त्या किमतीला तो जात नाही, ही खरी माहिती.

किचन ट्रॉली, पीओपी, ग्रॅनाइट यांवर बारा लाख घातले. ते मिळतील?

पूर्ण नाही. घर लवकर जाईल, भावही थोडा बरा मिळेल. घसारा यालाही लागतो आणि तो भिंतींपेक्षा वेगानं. मंजूर नकाशाबाहेर बांधलेल्या खोलीचंही तसंच: घेणारा वापरेल, पण त्याची बँक बहुधा मोजणार नाही.

भावाभावांत वाटणी आहे. हा घरचा हिशेब चालेल का?

बोलणी सुरू करायला उत्तम. सगळ्यांसमोर तेच दस्त, तीच वही. भावाला हिस्सा सोडून पैसे घ्यायचे असतील, कोर्टात जायचं असेल किंवा कर भरायचा असेल, तर नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. वडिलोपार्जित घर २००१ पूर्वीचं असेल तर करासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, मात्र त्या दिवशीच्या सरकारी मूल्याची माहिती उपलब्ध असेल तर त्याहून जास्त नाही. त्यामुळे मूल्यांकनकाराला २००१ चा रेकनरचा दर अहवालात लिहायला सांगा. अहवाल हातात आला की शेवटचा आकडा नंतर बघा, तुलनेला कोणती घरं घेतलीत ते पान आधी उघडा. त्यातली निम्मी तरी तुमच्या वहीत असायला हवीत. एकही नसेल तर ती का घेतली हे फी देण्याआधी विचारा.